दाढ आणि अबोला

धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं तिच्या सासरची माणसं म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. लग्न होऊन महिना झाला नाही तोच सासऱ्यांनी तिचं नाव ‘रेडिओ’ ठेवलं. कोणाचं कुठे जमलं, कोणाचं कुठे फाटलं, कोणत्या हॉटेलचा मॅनेजर बदलला, सगळ्या बातम्या आधी तिच्याकडे यायच्या आणि मग गावभर जायच्या. सासरे गेले, पण नाव राहिलं. लॉन्ड्रीवर कपडे टाकायला येणारी गिऱ्हाइकंही कधीकधी आत डोकावून विचारायची, “रेडिओ कुठाय आज?”

लॉन्ड्री दोघा भावांची. थोरले भाऊजी बॉयलर सांभाळायचे. धाकटीचा नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. आत राबायच्या त्या दोघी जावा. हॉटेलांच्या आणि नर्सिंग होमच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. मधोमध इस्त्रीचं मोठं यंत्र होतं, वाफेनं तापलेला लांबलचक लोखंडी रूळ. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची, काठ सरळ करून एकदम आत सोडायची. रुळाला वळसा घालून ती खालून कडक, गरम होऊन परत त्यांच्याच हातात यायची. मग घडी. हे काम एकटीचं नव्हेच. दोघींचे हात एका तालात चालायला लागायचे, आणि वर्षानुवर्षं ते तसे चालत आले होते.

आता हात चालायचे, तोंडं मात्र बंद होती. थोरलीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तारीख निघाली होती, आणि मुलगी एका सकाळी बॅग घेऊन दुसऱ्या शहरात निघून गेली. मला एवढ्यात लग्न करायचं नाही, मला नर्सिंग शिकायचंय, असा तिचा फोन आला. धक्का बसायचा तो बसलाच. पण त्याहून मोठा धक्का थोरलीला पुढच्या आठवड्यात बसला. मुलगी जाणार हे काकूला आधीपासून ठाऊक होतं. पोरीनं काकूलाच सांगितलं होतं, आणि काकूनं ब्रही काढला नव्हता.

“जगाच्या खबरा सांगत फिरतेस,” थोरली तेव्हा म्हणाली होती, “आणि माझ्या घरातली खबर तेवढी पोटात ठेवलीस?”

तेवढंच. त्यानंतर अबोला. बोलायचं झालं तर भाऊजींच्या मार्फत. “आधी टॉवेल घ्यायचेत, सांगा तिला,” थोरली बॉयलरकडे तोंड करून म्हणायची. भाऊजींना बॉयलरच्या आवाजानं आधीच कमी ऐकू यायचं. ते मान वर करून विचारायचे, “कोणाला?” एरवी धाकटी अशा वेळी हसून लोटपोट झाली असती. आता ती मुकाट्यानं टॉवेल उचलायची.

अशात तिची दाढ दुखायला लागली.

डावीकडची खालची, अगदी मागची. तिच्यात भरलेलं सिमेंट कधीच पडून गेलं होतं. आधी थंड पाण्यानं कळ जायची, मग गरम चहानं, मग कशानंही. लवंगेच्या तेलाचा बोळा झाला, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. कळ अशी यायची की कानापासून टाळूपर्यंत कोणी तापलेली तार ओढतंय. तेव्हा ती रुळातून निघालेला गरम टॉवेल घडी घालण्याच्या निमित्तानं क्षणभर गालाला दाबून धरायची. बरं वाटायचं. थोरली समोर असायची, पण तिनं डोळे वर करायचेच नाहीत असं ठरवलेलं होतं.

दातांच्या डॉक्टरकडे जायचं तर सकाळची रजा हवी होती. रजा मागायची तर आधी बोलायला हवं होतं. आणि आधी बोलायचं कोणी, हाच तर सगळा प्रश्न होता. त्यात तिला त्या खुर्चीची लहानपणापासून धडकी. आज जाऊ, उद्या जाऊ करत तिनं दिवस ढकलले. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, “अगं, वहिनीला घेऊन जा ना.” तिनं “हो हो” म्हणून विषय बदलला.

मग एके दिवशी दुखणं अचानक थांबलं. अगदी बटण बंद केल्यासारखं. तिला वाटलं, सुटले. त्या दिवशी ती दोन्ही बाजूंनी जेवली, गिऱ्हाइकांशी पोटभर गप्पा मारल्या. दोन दिवसांनी जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. तिनं तिला तेल चोळलं, शेक दिला. शेक दिला तशी गाठ वाढली.

त्या रात्री तिला आडवं होता येईना. पाठ टेकली की घशात काहीतरी आडवं यायचं. खुर्चीत बसून, मान पुढे घालून, अंगात ताप घेऊन तिनं उजाडेपर्यंत कसाबसा वेळ काढला. सकाळी आरशात बघितलं तर चेहऱ्याची डावी बाजू ओळखू येईना. हनुवटी आणि गळा एक झाले होते. तोंड उघडायला गेली, दात एकमेकांपासून हलेनात. दातखीळ बसणं म्हणतात ते हेच असावं, असं तिच्या मनात आलं. थुंकी गिळवत नव्हती, ती ओठांच्या कोपऱ्यातून गळत होती.

तरी ती ओढणी तोंडाला गुंडाळून कामावर गेली. मोठ्या हॉटेलच्या चादरी दुपारी जायच्या होत्या. एकटी थोरली काय करणार? आणि न सांगता घरी बसलं तर म्हणणार, बघा, नखरे. हा सगळा विचार तिनं तापलेल्या डोक्यानं केला आणि तो तिला अगदी बरोबर वाटला.

चौथी की पाचवी चादर असेल. झटकताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हातातलं टोक सुटलं. चादर तिरकी आत गेली, रुळाभोवती गुंडाळत गेली, जळका वास सुटला. थोरलीनं झेप घेऊन लाल बटण दाबलं.

“लक्ष कुठंय तुझं? हात गेला असता आत!”

कित्येक महिन्यांनी थेट तिलाच म्हटलेलं हे पहिलं वाक्य. धाकटीनं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा काहीतरी जाड, ओला आवाज निघाला.

थोरली यंत्राला वळसा घालून आली. ओढणी खाली ओढली. आणि तिचा रागानं लाल झालेला चेहरा पांढरा पडला.

“अहो!” ती बॉयलरच्या दिशेनं ओरडली. “अहो, गाडी काढा! आधी गाडी काढा!”

आणि या वेळी भाऊजींना पहिल्याच हाकेत ऐकू आलं.

दातांचा दवाखाना नाक्यावरच होता, जिना चढून वर. डॉक्टरीणबाई बुटक्या, चटपटीत. आधीच्या पेशंटला थांबवून त्यांनी धाकटीला आत घेतलं.

“तोंड उघडा.”

उघडेना. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा घातलेलं बोट दातांमध्ये सरकवून बघितलं, तेही जाईना. मग त्यांनी जबड्याखाली दाबलं. सगळं लाकडासारखं टणक लागत होतं. ओठ बाजूला करून त्यांनी बारक्या टॉर्चनं फटीतून आत बघितलं. जीभ वर उचलली गेली होती, टाळूला टेकायला आली होती.

“गिळता येतंय?”

धाकटीनं मान हलवली. नाही.

“रात्री आडव्या झोपलात?”

नाही.

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च खाली ठेवला. त्यांचा आवाज बदलला नाही, पण हात एकदम भराभर चालायला लागले. “मी हिला इथं हात लावणार नाही. दाढेचा पू जबड्याखाली उतरलाय आणि सूज घशाकडे सरकतेय. अशीच मोठ्या हॉस्पिटलला न्या. मी फोन करून ठेवते. एक लक्षात ठेवा, हिला बसवूनच न्यायचं. कितीही थकली तरी आडवं करायचं नाही.”

“दाढेनं माणूस...” थोरलीनं वाक्य अर्धं सोडलं.

“वेळेत गेलात तर काही होत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “निघा.”

व्हॅनमध्ये मागे चादरींचे गठ्ठे होते. दोघी त्या गठ्ठ्यांना टेकून बसल्या. धाकटी पुढे वाकलेली, थोरलीचा हात तिच्या कपाळाखाली. रस्त्यात कुठेतरी नळाचं काम निघालं होतं, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. भाऊजी एरवी हॉर्नला हात न लावणारे, आज त्यांनी हॉर्नवरून हात उचलला नाही.

धाकटीला आता दुखत असल्याचं कळतच नव्हतं. सगळा जीव एकाच गोष्टीत गोळा झाला होता, पुढचा श्वास. आत घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. तो आवाज आपलाच आहे हे समजायलाही तिला वेळ लागला. डोळे मिटावेसे वाटत होते. मिटले की थोरली तिला गदागदा हलवायची.

“ए, माझ्याकडे बघ. झोपायचं नाही. बघ इकडे. मी बोलते, तू नुसतं ऐक. त्या हॉटेलवाल्यानं फोन केला तर मी सांगणारे, तुझ्या चादरी घेऊन आम्ही हॉस्पिटलात बसलोय, हव्या तर इथे येऊन घेऊन जा. काय? बघ इकडे!”

आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. धाकटीनं तिच्या साडीचा काठ मुठीत घट्ट धरला.

हॉस्पिटलात फोन आधीच पोहोचला होता. चाकाची खुर्ची दारात तयार होती. आत नेल्या नेल्या बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, हातात सुई. तरुण डॉक्टर विचारत होता आणि थोरलीकडे बघत होता.

“किती दिवसांपासून दुखतंय?”

रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोरली या बाईच्या समोर उभी होती. एका चादरीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या.

“मला नाही माहीत,” ती खाली बघून म्हणाली.

धाकटीनं दोन बोटं वर केली.

“दोन दिवस?”

तिनं मान हलवली.

“आठवडे?”

मग तिनं हळूच मान हलवली. नाही.

“दोन महिने?” डॉक्टर म्हणाला, आणि थोरलीनं डोळे मिटून घेतले.

“कुठल्या औषधाची ॲलर्जी?” नर्सनं विचारलं. धाकटीनं जोरात हात हलवला. बोलायला गेली. “पें... पें...” लाळ गळ्यावर ओघळली. नर्स खाली वाकली. “काय म्हणताय? पेन? लिहायचंय?” धाकटीच्या डोळ्यांत भीती दाटून आली. तिला सांगता येत नव्हतं, आणि सांगितलं नाही तर काय होईल ते तिला ठाऊक होतं. जिच्या जिभेला उभ्या जन्मात विसावा नव्हता, तिला आज एक शब्द पुरा करता येत नव्हता.

“पेनिसिलिन,” थोरली म्हणाली. “न्यूमोनिया झाला होता हिला, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. ते इंजेक्शन दिलं आणि अंगभर गांधी उठल्या. श्वास लागला होता. मीच होते तेव्हा जवळ. ते देऊ नका.”

नर्सनं ते ठळक लिहिलं, धाकटीच्या मनगटावर लाल पट्टा बांधला. धाकटीची मान खुर्चीच्या पाठीला टेकली.

सर्जन आले. उंच, शांत, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी दोघींनाही नीट समजावून सांगितलं. जबड्याखाली छेद घेऊन पू बाहेर काढायचा, दाढही त्याच वेळी काढायची. भूल द्यायला श्वासाची नळी घालावी लागेल, पण तोंड उघडत नाही, म्हणून नाकातून, आणि ती पेशंट जागी असतानाच.

“आणि नाही गेली तर?” थोरलीनं विचारलं.

“तर गळ्याला छिद्र पाडून तिथून घालू. तशी वेळ येऊ नये, पण आली तर आम्ही तयार आहोत.”

“त्यांचे मिस्टर?” नर्सनं सहीचा कागद पुढे करत विचारलं.

“रस्त्यात आहेत. लांब आहेत. मी तिची मोठी जाऊ, मी करते सही.” सही करताना पेन कागदातून आरपार जाईल इतकं तिनं दाबलं. मग ती धाकटीजवळ वाकली. म्हणाली, “मी इथेच दाराशी आहे. कुठे जात नाही.”

आत दिवे होते, गारठा होता, आणि मास्कमागचे डोळे. तिला बसतंच ठेवलं होतं. नाकात काहीतरी फवारलं, घसा बधिर झाला, आणि बधिर झाल्यावर तिला वाटलं, आता आपल्याला गिळताही येत नाही, संपलं. भूलतज्ज्ञ बाई तिच्या कानाशी बोलत होत्या. “नळी आत जाईल तेव्हा वाटेल की श्वास कोंडला. कोंडलेला नसणार. नाकानं ओढायचा. ओढा. छान. अजून एकदा.”

नळी घशाच्या वळणाशी आली. सगळं अंग उसळून उठलं. दोघांनी तिचे खांदे धरले. तिला ओरडायचं होतं, नको, काढा ते. आवाजच नव्हता. कानात घणाचे घाव. कोणीतरी म्हणालं, “नाही जात, थोडं मागे घ्या.” कोणीतरी ट्रॉली जवळ ओढली, लोखंड लोखंडावर वाजलं. ते गळ्यासाठी आहे, हे तिला बरोबर समजलं.

“माझ्याकडे बघा,” त्या बाई म्हणाल्या. “एकच श्वास द्या मला. मोठा. ओढा!”

तिनं ओढला. कुठून ओढला ते तिलाच ठाऊक. आणि काहीतरी सरकलं, छातीत गार हवेचा लोट आला, शिट्टी थांबली. “गेली,” बाई म्हणाल्या. त्यानंतर सगळं पांढरं झालं, मग काळं.

शुद्धीवर आली तेव्हा गळ्याभोवती जाड पट्टी होती, पट्टीतून रबराची चपटी नळी बाहेर आली होती आणि दाढेच्या जागी कापसाचा बोळा. जड, सुन्न, पण गिळलेली थुंकी खाली गेली. ती तिनं पुन्हा एकदा गिळून बघितली. पलंगाशेजारी स्टुलावर थोरली बसली होती, केस विसकटलेले, पायांत वेगवेगळ्या चपला. एक तिची, एक भाऊजींची.

“बोलायचं नाही,” थोरली म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलंय. वाटीभर पू निघाला म्हणे. दाढ दाखवली मला, नखाएवढी. एवढीशी वस्तू, आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.”

मग तिनं एकदम तोंड फिरवलं आणि खिडकीकडे बघत बोलायला लागली. बोलत राहिली. मुलगी गेली तेव्हा नातेवाइकांनी काय काय ऐकवलं, रात्र रात्र झोप कशी लागली नाही, आणि सगळ्यात जास्त काय लागलं. “मला पोरीचा राग नव्हता गं तेवढा. ती माझ्याकडे न येता तुझ्याकडे आली, त्याचा होता. आई मी आणि भरवसा तुझ्यावर. मग तुझं तोंड बघितलं की तेच आठवायचं. म्हणून बघायचंच नाही असं ठरवलं. दोन महिने तू गाल दाबून धरत होतीस आणि मी बघितलं नाही.”

धाकटीला उत्तर द्यायचं होतं. बोळा दाबून धरलेल्या दातांमागे शब्द येऊन थांबत होते. तिनं हात पुढे केला. थोरलीनं तो धरला नाही, पण त्यावर पांघरूण ओढलं.

“तुला आत नेलं,” ती हळू म्हणाली, “आणि मला कळेना, फोन कोणाला करू. बोटांनी आपोआप तिलाच लावला. ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, आई, तू रडू नकोस, मला नीट सांग, श्वास कसा चाललाय. अगदी नर्ससारखं. माझ्याच पोटची, आणि मी पहिल्यांदाच ऐकत होते ती काय शिकते ते.”

चार-पाच दिवसांनी गळ्यातली नळी निघाली, ताप उतरला, नवरा ट्रक मालकाच्या अंगणात सोडून धावत आला, चार रात्री पलंगापाशी बसून परत गेला, आणि धाकटी घरी आली. थोरलीनं तिला आपल्याच खोलीशेजारी ठेवलं. सक्त ताकीद होती. कडक खायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, दाढेच्या खड्ड्यात जी रक्ताची गुठळी धरलीय तिला जीभ लावायची नाही. कोमट सूप, कुस्करलेलं केळं, मऊ भात. एक बोट मावेल इतकं तोंड उघडत होतं. बोलणं व्हायचं, पण तुकड्या-तुकड्यांनी, आणि महत्त्वाचं काही निघायच्या आत थोरली म्हणायची, “नंतर. आधी औषध.”

भाऊजींना मात्र आपण काहीच करत नाही असं वाटत होतं. एके दुपारी ते थंडगार फळांचा रस घेऊन आले, मोठा ग्लास, वर प्लॅस्टिकची नळी. “चमच्यानं कुठे पितेस, ओढून घे आरामात,” ते प्रेमानं म्हणाले. धाकटीनं शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कळ आली. तीच. कानापासून टाळूपर्यंत, तापलेली तार. ती उठून बसली. गळ्यावरून हात फिरवला, सूज वाढली का? नाही वाटत. की वाढलीये? तोंडाला घाण चव आली होती. पुन्हा तो गारठा, ते दिवे, ती ट्रॉली. गोळी घ्यावी आणि बघावं दुपारपर्यंत. सगळे दमलेत. थोरली दिवसभर यंत्रावर भाऊजींना घेऊन चादरी काढते आणि संध्याकाळी इथे राबते. आता कुठे ती धड जेवायला लागलीय. थांबेल कदाचित. मागे नव्हतं का थांबलं?

मागे थांबलं होतं, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. ती उठली आणि अनवाणीच जाऊन शेजारच्या खोलीचं दार वाजवलं.

“ताई, परत दुखतंय. फार दुखतंय.”

थोरली केस बांधतच बाहेर आली. तिनं प्रश्न विचारला नाही. तासाभरात दोघी नाक्यावरच्या जिन्यानं वर गेल्या. दवाखाना उघडायचा होता, त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. धाकटी गालाला हात लावून पुढेमागे डुलत होती. थोरलीचा पाय थांबत नव्हता, चपलेची टाच फरशीवर वाजत होती. दोघींना एकच भीती वाटत होती आणि दोघींनाही ती बोलायची नव्हती.

“काही बोल,” थोरली एकदम म्हणाली. “काहीही. नुसतं बसवत नाही.”

धाकटीनं डुलणं थांबवलं. मग अर्ध्या उघड्या तोंडानं, सावकाश म्हणाली, “तुमच्या पोरीनं मला सांगितलं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हाही नाही सांगणार, ताई. तिनं विश्वासानं सांगितलं होतं.”

थोरलीची टाच थांबली.

“पण तुम्हाला किती लागलं ते मला दिसत होतं. रोज दिसत होतं. तेवढ्याची मला माफी मागायची होती.”

“दिसत होतं तर बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलत नव्हता.”

“म्हणून तूही नाही?” थोरलीचा आवाज चढला. “जीव जायची वेळ आली तरी नाही? अगं, भांडायचं होतंस! तुला भांडता येत नाही असं थोडंच आहे!”

जिन्यात पावलं वाजली. डॉक्टरीणबाई किल्ल्या हलवत वर आल्या आणि दोघींचे चेहरे बघून न विचारताच दार उघडलं.

या वेळी तोंड दोन बोटं उघडलं. डॉक्टरीणबाईंनी गळा दाबून पाहिला, ताप पाहिला, जिभेखाली पाहिलं, मग खड्ड्यात आरसा धरला. थोरली दाराची चौकट धरून उभी होती.

“नळीनं काही प्यायलात का?”

धाकटीनं अपराध्यासारखी मान डोलावली.

“तरीच. ओढण्याच्या जोरानं गुठळी निघून आलीये. आतलं हाड उघडं पडलंय, त्याला हवा लागली की जीव जातो. दुखतं भयंकर, पण हे ते नव्हे. सूज नाही, ताप नाही, पू नाही. जिवाला काही धोका नाही.”

“नक्की?” थोरलीनं विचारलं.

“नक्की. पण त्याच दिवशी आलात हे फार बरं केलंत.”

त्यांनी खड्डा हलक्या हातानं धुतला आणि त्यात औषधात भिजवलेली पट्टी चेपून भरली. थोड्याच वेळात कळ ओसरायला लागली. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते ती पुसेना. थोरली मागे जाऊन बाकावर धपकन बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “घरी गेल्यावर तुझ्या भाऊजींना आधी बघते मी.”

पट्टी दोन-तीनदा बदलावी लागली. मग खड्डा भरत आला. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडण्याचा व्यायाम दिला होता, तो धाकटी आरशासमोर करायची. जबड्याखालचा व्रण गुलाबी झाला. कामावर ती अजून जात नव्हती. थोरली येऊन दिवसभराचं सांगायची आणि तिचं ऐकूनही घ्यायची, पण आधीसारखी मोकळीक अजून आलेली नव्हती. काही विषय आले की दोघी सांभाळून बोलायच्या.

रविवारी मुलगी आली. काकूला बघायला येते, एवढंच तिनं फोनवर सांगितलं होतं. दार थोरलीनंच उघडलं. धाकटी आत पलंगावर पडली होती, तिला फक्त आवाज येत होते. आधी बॅग खाली ठेवल्याचा. मग “वाळलीस किती,” मग “तूसुद्धा,” मग पाण्याचा पेला. पोरगी आत आली, काकूच्या गळ्यावरचा व्रण शिकवल्यासारखा बोटांनी तपासला, तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला, “छान भरतंय” म्हणाली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून थोडा वेळ बसली. मग परत बाहेर गेली.

आणि बाहेर भांडण सुरू झालं. सांगून गेली असतीस तर, सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का, लोकांना तोंड दाखवताना मला, लोकांचं काय घेऊन बसलीस आई. आवाज चढत गेले. भाऊजी मधे काहीतरी म्हणाले, दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. एकदा थोरली म्हणाली, “काकूला विचार, काकू सांगेल,” आणि मुलगी म्हणाली, “काकूला नको आणू मधे, मी सांगते ना तुला.”

धाकटी उठून दारापर्यंत गेली. कडीला हात लावला. मग तिनं हात काढून घेतला, परत येऊन पलंगावर बसली आणि मऊ भाताची वाटी मांडीवर घेतली. भात गार झाला होता. बाहेर दोघी एकमेकींचं वाक्य तोडत बोलत होत्या, रडतही होत्या बहुतेक. ती उजव्या बाजूनं सावकाश चावत राहिली.